पासवर्ड न देता भागीदार संस्थेला कामापुरता प्रवेश: कोल्हापूरच्या उद्योजकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील कारखानदार असोत किंवा चप्पल लाइन आणि गुजरीतील दुकानदार असोत, त्यांचे बरेचसे काम आता बाहेरच्या संस्थांच्या हातून होते. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) एक जण करतो, मशीनिंग दुसरा करतो, जाहिरात तिसऱ्याकडे असते आणि जीएसटीचे काम चौथ्याकडे. या प्रत्येकाला आपल्या कंपनीच्या कोणत्या ना कोणत्या खात्यात किंवा फाइलमध्ये शिरावेच लागते. तो प्रवेश कुणाच्या नावे द्यावा, किती द्यावा आणि केव्हा काढून घ्यावा, याविषयी सातत्याने विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

डिजिटल मालमत्ता म्हटल्यावर नेमके काय काय धरावे?

यंत्रे, साचे आणि जागा यांची नोंद प्रत्येक कारखान्यात असते. जी मालमत्ता हातात धरता येत नाही तिची नोंद मात्र क्वचितच कुणी ठेवते. फेसबुक पेज, इन्स्टाग्राम खाते, जाहिरात खाते आणि त्यात साठलेला जुन्या जाहिरातींचा इतिहास, संकेतस्थळावर बसवलेला पिक्सेल (पाहणाऱ्यांच्या हालचाली जाहिरात खात्याला कळवणारा छोटा कोड), उत्पादनांचा कॅटलॉग, गूगल नकाशावरील प्रोफाइल, डोमेन नाव, क्लाउडवरील सर्व्हर, सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, कास्टिंगची ड्रॉइंग आणि थ्रीडी मॉडेल, ग्राहकांची यादी, टॅलीचा डेटा, जीएसटी आणि ई-वे बिलाची लॉगिन हे सर्व या यादीत येते. यातील डोमेन नावाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. संकेतस्थळ करून देणाऱ्याने ते स्वतःच्या ईमेलवर नोंदवलेले असते, नूतनीकरणाची सूचनाही त्यालाच जाते, आणि त्याने व्यवसाय बदलला की एके दिवशी संकेतस्थळ आणि कंपनीचे ईमेल दोन्ही बंद पडतात. त्यामुळे यादी करायला बसाल तेव्हा डोमेन कुणाच्या नावे आहे, हे सर्वांत आधी पाहावे.

एजन्सीचा माणूस विश्वासातला आहे. त्याला पासवर्ड दिला तर बिघडते कुठे?

येथे त्या माणसाच्या सचोटीवर शंका घेण्याचा हेतू नाही. अडचण पासवर्डाच्या स्वरूपातच आहे, कारण पासवर्ड थोडासा देता येत नाही. दिवाळीची एक जाहिरात लावण्यासाठी दिलेल्या पासवर्डाने संपूर्ण पेज पुसता येते, ग्राहकांचे खासगी संदेश वाचता येतात आणि खुद्द मालकालाच बाहेर काढता येते. एकाच लॉगिनने चार जण काम करू लागले की कोणता बदल कुणी केला याचा माग राहत नाही. चुकीची किंमत प्रसिद्ध झाली तरी नोंदीत नाव आपलेच दिसते. शिवाय एकाचा प्रवेश काढायचा तर पासवर्ड बदलावा लागतो, तो बदलला की उरलेल्या तिघांचे काम अडते, आणि म्हणून तो बदलायचे वर्षानुवर्षे राहून जाते. एजन्सीतील मुले अनुभव मिळाला की पुण्या-मुंबईकडे जातात, आणि आपला पासवर्ड त्यांच्या ब्राउझरमध्ये साठलेला तसाच त्यांच्याबरोबर जातो.

भागीदाराचा हेतू पूर्णपणे चांगला असूनही नुकसान कसे होते, याचे सर्वज्ञात उदाहरण अमेरिकेतील टार्गेट या किरकोळ विक्री साखळीचे आहे. २०१३ च्या अखेरीस चोरांनी तिच्या सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती पळवली. त्यांनी आत शिरण्यासाठी वापरलेले लॉगिन टार्गेटच्या कोणत्याही कर्मचाऱ्याचे नव्हते. दुकानांतील शीतकरण आणि वातानुकूलनाचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराचे होते. कंत्राटदाराने फसवणूक केलेली नव्हती, त्याचे लॉगिन चोरीला गेले होते. पण त्या लॉगिनने एकदा उंबरठा ओलांडल्यावर चोरांना पुढे सरकत थेट पैसे घेण्याच्या यंत्रणेपर्यंत पोहोचता आले, आणि २०१७ मध्ये कंपनीला अमेरिकेतील ४७ राज्यांशी १ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड करावी लागली. ज्याला जेवढे काम तेवढाच प्रवेश, हे तत्त्व साल्ट्झर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी १९७५ मध्येच मांडले होते, आणि पुढील सर्व उत्तरे त्याच तत्त्वावर उभी आहेत.

मालकी आणि वापराचा अधिकार यांत फरक काय?

कोल्हापुरी चप्पलचे उदाहरण येथे चपखल बसते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चप्पलला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याची नोंदणी महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांच्या नावे आहे. चप्पल बनवणारा कारागीर अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतंत्रपणे नोंद करून घेतो आणि ते मानांकन आपल्या मालावर वापरतो. कारागिराला नाव वापरण्याचा पूर्ण हक्क मिळतो, मात्र ते नाव विकण्याचा किंवा दुसऱ्याला बहाल करण्याचा हक्क मिळत नाही. सॉफ्टवेअरमधील भागीदार-प्रवेशाची रचना नेमकी अशीच असते. पेज, जाहिरात खाते किंवा सर्व्हर कंपनीच्या नावे राहतो. भागीदार संस्थेची नोंद वापरकर्ता म्हणून होते, तिला कोणती कामे करता येतील हे मालक ठरवतो, आणि ती नोंद काढली की वापर थांबतो, मालमत्ता जागची हलत नाही.

फेसबुक पेज, इन्स्टाग्राम आणि जाहिरात खाते एजन्सीला कसे द्यावे?

मेटा कंपनीने यासाठी बिझनेस मॅनेजर ही सोय २०१४ मध्ये आणली. आता तिच्यातील कंपनीच्या खात्याला बिझनेस पोर्टफोलिओ म्हणतात. ते उघडायला पैसे लागत नाहीत. पोर्टफोलिओ आपल्या कंपनीच्या नावे उघडावा आणि पेज, इन्स्टाग्राम खाते, जाहिरात खाते, पिक्सेल, कॅटलॉग हे सर्व त्यात आणावे. अनेक दुकानांचे पेज पुतण्याने किंवा भाच्याने कॉलेजात असताना स्वतःच्या प्रोफाइलवरून काढून दिलेले असते. अशा वेळी त्याच्याच मदतीने पेज आधी कंपनीच्या पोर्टफोलिओत आणावे, एजन्सीचा विचार त्यानंतर करावा.

पुढची कृती सोपी आहे. एजन्सीचा स्वतःचा पोर्टफोलिओ असतो आणि त्याला एक लांबलचक ओळख क्रमांक असतो. तो क्रमांक एजन्सीकडून मागून घ्यावा. आपल्या पोर्टफोलिओच्या सेटिंग्जमध्ये पार्टनर्स हा विभाग उघडून आपल्या मालमत्तेत भागीदाराला प्रवेश देण्याचा पर्याय निवडावा, तो क्रमांक टाकावा, आणि कोणते पेज, कोणते जाहिरात खाते, कोणता कॅटलॉग द्यायचा हे एकेक करून निवडावे. प्रत्येकासमोर अधिकारांची यादी येते आणि त्यातील आवश्यक तेवढेच सुरू करावे लागतात. एजन्सीतील कोणता कर्मचारी हे काम पाहील, ते एजन्सी आपल्या बाजूने ठरवते. आपल्याला त्यांच्या एकाही माणसाला स्वतंत्रपणे जोडावे लागत नाही. आपण दिलेली मालमत्ता ती एजन्सी पुढे तिसऱ्या संस्थेला देऊ शकत नाही, आणि ज्या दिवशी आपण भागीदाराचे नाव काढतो त्या दिवशी त्यांच्या सर्व कर्मचाऱ्यांचा प्रवेश एकदम संपतो. चार जणांना वेगवेगळे जोडले असते तर एखादा हमखास राहून गेला असता.

त्याच विभागात याच्या उलट दिशेचा पर्यायही असतो: भागीदाराच्या मालमत्तेत आपल्याला प्रवेश मागण्याचा. घाईत दोन्हींची गल्लत होते, म्हणून बटण दाबण्यापूर्वी देणारा कोण आणि घेणारा कोण हे पडद्यावर नीट वाचावे.

एजन्सीला पूर्ण नियंत्रण द्यावे की अंशतः?

अंशतः द्यावे. पोस्ट टाकणे, टिप्पण्यांना उत्तरे देणे, जाहिराती चालवणे आणि आकडेवारी पाहणे यांपैकी कशालाही पूर्ण नियंत्रण लागत नाही. पूर्ण नियंत्रण कंपनीतील दोन जबाबदार व्यक्तींकडे असावे. एकाच व्यक्तीकडे ठेवले आणि तिचा फोन हरवला किंवा प्रोफाइल बंद झाले, तर मालकालाच दाराबाहेर उभे राहावे लागते. त्या दोघांच्या खात्यांवर दुहेरी पडताळणी सुरू असली पाहिजे.

एजन्सी म्हणते, "सगळे आमच्या नावावर काढतो, तुम्हाला कसला त्रास नको." ते मान्य करावे का?

करू नये, आणि या बाबतीत आमचे मत ठाम आहे. पोर्टफोलिओच्या मालकीत गेलेले जाहिरात खाते नंतर दुसऱ्या पोर्टफोलिओच्या मालकीत हलवता येत नाही. एजन्सीने ते स्वतःच्या नावे उघडले असेल तर तीन वर्षे पैसे आपण भरतो, कोणत्या गावचा ग्राहक कोणत्या चपलेवर थांबतो आणि कोणती जाहिरात पाहून खरेदी करतो ही समज त्या खात्यात साठत जाते, आणि एजन्सी बदलण्याची वेळ आली की पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. पिक्सेलबाबतही हीच काळजी घ्यावी. जाहिरात खाते कंपनीचे, पैसे भरण्याचे साधन कंपनीचे आणि चालवण्याचा अधिकार एजन्सीचा, अशी विभागणी पहिल्या दिवसापासून असावी. चांगल्या एजन्सीज स्वतःहून असाच आग्रह धरतात, कारण ग्राहकाच्या खर्चाचा हिशेब त्यांनाही आपल्या अंगावर नको असतो.

गूगल नकाशावरील दुकानाच्या प्रोफाइलचे आणि गूगल अ‍ॅड्सचे काय?

प्रोफाइलवर मालक आणि व्यवस्थापक अशा दोन प्रकारच्या भूमिका आहेत. एजन्सीला व्यवस्थापक करावे. व्यवस्थापक वेळा बदलू शकतो, फोटो टाकू शकतो, अभिप्रायांना उत्तर देऊ शकतो. मात्र तो कुणाला जोडू किंवा काढू शकत नाही आणि प्रोफाइल नष्टही करू शकत नाही. नव्याने जोडलेल्या मालकालाही प्रोफाइल काढून टाकणे, इतरांना हटवणे यांसारख्या कृतींसाठी पहिले ७ दिवस थांबावे लागते. ज्याने चुकून चुकीच्या माणसाला मालक केले, त्याच्यासाठी हे ७ दिवस फार मोलाचे असतात.

गूगल अ‍ॅड्सच्या प्रत्येक खात्याला दहा आकडी क्रमांक असतो. तो एजन्सीला द्यावा. एजन्सी तिच्या मॅनेजर खात्यातून जोडणीची विनंती पाठवते आणि आपण ती स्वीकारतो. जोडणी तोडल्यावर इतिहास आपल्या खात्यात जसाच्या तसा राहतो. संकेतस्थळाच्या अ‍ॅनालिटिक्सवर केवळ अहवाल पाहायचे असतील तर दर्शकाची भूमिका पुरते, आणि तेथे उत्पन्नाचे आकडे लपवण्याचीही सोय आहे.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा फोन एजन्सीच्या संगणकाला जोडून द्यावा का?

शक्यतो देऊ नये. जोडलेल्या संगणकावर संभाषणे दिसतात आणि त्यांत नाती, उधारी, भाव असे सर्व काही असते. अमुक ग्राहकांचेच संदेश दाखव, असे तेथे सांगता येत नाही. उत्तरे देण्याचे काम बाहेर सोपवण्याइतके संदेश येत असतील, तर त्यासाठी वेगळा क्रमांक घ्यावा.

फौंड्रीची ड्रॉइंग पॅटर्नमेकर आणि मशीनशॉपला द्यावी लागतात. त्यावर नियंत्रण कसे ठेवणार?

कोल्हापूरच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत. आज बहुतेक ठिकाणी ड्रॉइंगची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. पाठवण्यास एक मिनिट लागते, मात्र त्यानंतर ती कुठे कुठे गेली याचा हिशेब कुणालाच देता येत नाही. गोपनीयता हा त्यातील एक भाग झाला. रोजचे नुकसान जुन्या रिव्हिजनमुळे, म्हणजे ड्रॉइंगच्या जुन्या आवृत्तीमुळे होते. ग्राहकाने बोअरचा (छिद्राचा) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, बदलून ड्रॉइंगची पुढची रिव्हिजन पाठवली, ती आपण ग्रुपवर टाकली, पण मशीनशॉपच्या सेटरने पहिली पीडीएफ फोनमध्ये उतरवून ठेवलेली होती आणि दुसऱ्या पाळीत त्याच मापाने पूर्ण लॉट निघाला. अशा वेळी रिजेक्शन कुणाच्या माथी मारायचे यावरून वर्षानुवर्षांचे संबंध बिघडतात.

म्हणून फाइल पाठवण्याऐवजी फाइलपर्यंत जाण्याचा अधिकार द्यावा. गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह किंवा तत्सम सेवेवर कंपनीच्या खात्यात प्रत्येक भागीदारासाठी स्वतंत्र फोल्डर करावे. त्यात त्याच्या कामाचीच ड्रॉइंग ठेवावीत आणि फोल्डर त्याच्या नावाच्या ईमेलला केवळ पाहण्यासाठी खुले करावे. "लिंक असलेल्या कुणालाही" हा पर्याय वापरू नये, कारण लिंक पुढे सरकवायला कुणाचीही परवानगी लागत नाही. रिव्हिजन बदलली की त्याच जागी नवी फाइल चढवावी आणि जुनी फाइल भागीदाराला न दिसणाऱ्या संग्रहात न्यावी. तो जेव्हा उघडेल तेव्हा त्याला चालू रिव्हिजनच दिसेल. ड्राइव्हमध्ये पाहणाऱ्यासाठी डाउनलोड, छपाई आणि कॉपी बंद करता येते. पडद्याचा फोटो काढण्यापासून कोणतेही सॉफ्टवेअर कुणाला रोखू शकत नाही हे खरे, तरी फोटोवर मशीन चालत नाही आणि सीएनसीसाठी लागणारे थ्रीडी मॉडेल फोटोतून मिळत नाही.

याहून अधिक उपयोगी सवय म्हणजे कुणाला काय लागते याचा विचार करून ड्रॉइंग वेगळे काढणे. पॅटर्नमेकरला कास्टिंगचे मॉडेल, मशीनिंग अलाउन्स आणि कोअरची माहिती लागते. तो भाग कोणत्या गाडीच्या कोणत्या जोडणीत बसतो हे त्याला कळण्याची आवश्यकता नसते. मशीनशॉपला तयार मापे, टॉलरन्स आणि डेटम (मापे जेथून मोजायची ते संदर्भ) लागतात. धातूची रासायनिक घडण किंवा आपला किलोचा दर त्याला लागत नाही. तपासणी करणाऱ्याला मापांना क्रमांक दिलेले ड्रॉइंग पुरते. मूळ ड्रॉइंगच्या टायटल ब्लॉकमध्ये ग्राहकाचे नाव आणि पार्ट क्रमांक असतो. त्या जागी आपला अंतर्गत क्रमांक टाकून प्रत काढायला कॅड चालवणाऱ्या मुलाला फार वेळ लागत नाही. पुढे त्या प्रतीचा कुठे गैरवापर झालाच, तरी ग्राहकाचे नाव उघडे पडत नाही.

शिवाजी उद्यमनगरातील आमचे जुने पॅटर्नमेकर ईमेल वापरत नाहीत. मग?

त्यांना छापील प्रत द्यावी. प्रतीवर रिव्हिजन, तारीख आणि त्यांचे नाव शिक्क्याने टाकावे, आवक-जावक वहीत सही घ्यावी, आणि नवी प्रत देताना जुनी परत घ्यावी. नियंत्रित प्रत ही पद्धत गुणवत्ता प्रणालीत संगणकापूर्वीपासून आहे आणि ती आजही उत्तम चालते. त्यांच्या हातातील कौशल्य मोठे आहे. त्यांना ड्राइव्ह शिकवण्यापेक्षा आपली वही नीट ठेवणे आपल्याकडून अपेक्षित आहे.

ड्रॉइंग आमचे नसून ग्राहकाचे असेल तर?

तर आपण स्वतःच अधिकृत वापरकर्ते आहोत, मालक नाही. वाहन कंपन्यांशी झालेल्या गोपनीयतेच्या करारात उपकंत्राटदाराला ड्रॉइंग देण्यापूर्वी लेखी संमतीची अट बहुधा असते. ती वाचावी, संमती घ्यावी आणि तेवढीच बंधने आपल्या उपकंत्राटदाराच्या करारात उतरवावीत. ग्राहकाच्या व्हेंडर पोर्टलचे लॉगिन तर कुणालाही देऊ नये, मग तो आपला डिस्पॅच पाहणारा ट्रान्सपोर्टर का असेना.

जीएसटी आणि ई-वे बिलाचे लॉगिन सीए आणि ट्रान्सपोर्टरला द्यावेच लागते ना?

द्यावे लागत नाही. जीएसटी पोर्टलवर करदात्याला जीएसटी प्रॅक्टिशनर नेमण्याची आणि काढण्याची सोय आहे. तशी नोंदणी असलेला आपला सल्लागार स्वतःच्या लॉगिनने आपली विवरणपत्रे तयार करू शकतो. ई-वे बिलाच्या पोर्टलवर मुख्य वापरकर्त्याला उपवापरकर्ते तयार करता येतात, कुणाला बिल काढता येईल आणि कुणाला रद्द करता येईल हे ठरवता येते, आणि माणूस नोकरी सोडून गेला की त्याचे उपखाते गोठवता येते.

ट्रान्सपोर्टरच्या बाबतीत तर ही विभागणी ई-वे बिलाच्या रचनेतच आहे. मालाचा तपशील भाग ए मध्ये आपण भरतो आणि ट्रान्सपोर्टरचा आयडी टाकतो. त्यानंतर तो स्वतःच्या लॉगिनने भाग बी मध्ये गाडीचा क्रमांक भरतो. मालाची किंमत बदलण्याचा अधिकार त्याच्याकडे जात नाही आणि रात्री गाडी बदलली तर त्याला आपल्याला उठवावे लागत नाही. दोन संस्थांनी एकाच दस्तऐवजावर आपापल्या हद्दीत काम कसे करावे, याचा इतका स्वच्छ नमुना रोजच्या वापरात असताना बहुतेक ठिकाणी एकच लॉगिन सर्वांच्या हातात फिरताना दिसते, याचे वाईट वाटते.

ओटीपी कुणाच्या मोबाइलवर यावा?

कंपनीच्या नावे घेतलेल्या सिमवर. माजी अकाउंटंटच्या वैयक्तिक क्रमांकावर ओटीपी जात असेल, तर त्या खात्याचे खरे मालक आपण उरलेलो नाही. ओटीपी फोनवरून वाचून दाखवण्याची सवयही बंद करावी. ज्याला वारंवार ओटीपी विचारावा लागतो त्याला स्वतंत्र उपखाते देण्याची वेळ आलेली आहे, असे समजावे.

सॉफ्टवेअर कंपनीला आमच्या सर्व्हरवर आणि सोर्स कोडवर काम करायचे आहे. त्यांना काय द्यावे?

क्लाउडचे मूळ खाते कंपनीच्या ईमेलवर उघडावे आणि त्याचे लॉगिन कुणालाही देऊ नये. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर दुसऱ्या संस्थेसाठी रोल तयार करता येतो: त्या संस्थेचे खाते कोणते, तिने कोणत्या गोष्टींना हात लावायचा आणि कशाला नाही, हे आपण लिहून ठेवतो, आणि त्या संस्थेचा माणूस स्वतःच्या लॉगिनने येऊन तेवढ्यापुरता, थोड्या वेळात आपोआप संपणारा प्रवेश घेतो. कायमस्वरूपी किल्ली कुणाच्याच हाती पडत नाही. अनेक ग्राहकांचे काम एकाच यंत्रणेतून करणाऱ्या संस्थेला रोल देताना एक्स्टर्नल आयडी नावाची खूण जोडण्यास सांगावे. तिच्यामुळे दुसऱ्या ग्राहकाने आपल्या रोलचा पत्ता देऊन त्या संस्थेकरवी आपल्या खात्यात शिरण्याचा मार्ग बंद होतो.

सोर्स कोडसाठी गिटहब या कोड साठवण्याच्या सेवेवर कंपनीच्या नावे संघटना उघडावी आणि बाहेरच्या प्रोग्रामरला बाहेरील सहयोगी म्हणून आवश्यक त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या संग्रहात) घ्यावे. डेटाबेसचे पासवर्ड आणि इतर सेवांशी जोडणाऱ्या एपीआयच्या किल्ल्या कोडमध्ये लिहून ठेवलेल्या नाहीत ना, हे त्यापूर्वी तपासावे. अन्यथा कोड वाचण्याच्या परवानगीबरोबर डेटाबेसही जातो. कोड हा आपला, की परवान्यावर मिळालेला, हा प्रश्न काम सुरू होण्यापूर्वी लेखी मिटवावा.

टॅली किंवा इआरपी दुरुस्त करण्यासाठी एनीडेस्कवरून (दुरून संगणक चालवू देणाऱ्या अ‍ॅपवरून) संगणक मागतात. ते द्यावे का?

देण्यास हरकत नाही, मात्र समोर आपला माणूस बसलेला असावा, प्रत्येक वेळी प्रवेश हाताने मंजूर करावा, आणि कुणी नसताना आत येण्याचा कायम पासवर्ड ठेवू नये. बँकेचे पान त्या वेळी बंद असावे. फोन आपण लावलेला असावा. स्वतःहून फोन करून एनीडेस्क मागणाऱ्याला नकार द्यावा.

भागीदार संस्थेकडून ग्राहकांची माहिती फुटली तर जबाबदार कोण?

प्रथम आपण. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार, ज्याने ग्राहकाची माहिती कोणत्या हेतूने वापरायची हे ठरवले तो तिच्या रक्षणास बांधील असतो, मग प्रत्यक्ष काम दुसऱ्या संस्थेकडून करून घेतलेले असले तरी. अशा संस्थेशी वैध करार असणे कायद्याने आवश्यक आहे. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यास त्यात १८ महिन्यांचा अवधी ठेवला आहे. तो अवधी याच तयारीसाठी आहे. याशिवाय सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. भागीदाराने आपल्याला दुसऱ्या दिवशी सांगितले तर ६ तास कसे पाळणार? म्हणून त्याने आपल्याला लगेच कळवण्याची अट करारात घालावी.

करारात आणखी काय असावे?

मालमत्तांची नावानिशी यादी आणि प्रत्येकीचा मालक. दिलेल्या अधिकारांची पातळी. भागीदाराच्या प्रत्येक कर्मचाऱ्याने स्वतःच्या लॉगिननेच काम करण्याची अट. पुढे उपकंत्राट देण्यास मनाई किंवा पूर्वसंमती. आणि करार संपल्यावर किती दिवसांत फाइल परत करायच्या किंवा नष्ट करायच्या. आमच्या मते या सर्वांत कर्मचारी सोडून गेल्याची सूचना देण्याची अट सर्वांत जास्त उपयोगी पडते आणि तीच करारांत सर्वांत कमी आढळते. बिलाच्या वादात कोणत्याही पक्षाने प्रवेश रोखून धरू नये, हेही लिहावे.

काम संपल्यावर प्रवेश कोणत्या क्रमाने काढावा?

आधी आपल्याकडे पूर्ण नियंत्रण असल्याची खात्री करावी, मग चालू जाहिराती आणि त्यांचे पैसे पाहावेत, आवश्यक अहवाल आणि मूळ डिझाइन फाइल मागून घ्याव्यात, आणि शेवटी भागीदाराचे नाव काढावे. क्रम उलटा झाला तर एजन्सीने उघडलेल्या एखाद्या खात्याचा पत्ता नंतर लागत नाही. त्यानंतर कोणती अ‍ॅप आपल्या खात्यांना जोडलेली आहेत ती यादी उघडावी. पोस्ट आपोआप टाकणारी किंवा अहवाल काढणारी अ‍ॅप भागीदार गेल्यावरही आपल्या परवानगीने चालू राहतात. वर्षातून एकदा, उदाहरणार्थ मार्चअखेरच्या हिशेबांबरोबर, सर्व भागीदारांची यादी वाचून काढण्याची पद्धत ठेवल्यास विसरलेली नावे सापडतात.

आधीच्या एजन्सीकडे आमचे पेज अडकले आहे. आता काय करता येईल?

प्रथम पेज नेमके कुणाच्या पोर्टफोलिओत आहे हे पाहावे. पेजच्या सेटिंग्जमध्ये ते दिसते. आपल्याकडे अजून पूर्ण नियंत्रण असेल तर एजन्सीने पेज तिच्या स्वतःच्या पोर्टफोलिओतून सोडावे अशी लेखी विनंती ईमेलने करावी आणि त्यात थकीत बिलाचा विषय मिसळू नये. बिलाचा वाद असेल तर तो वेगळ्या पत्राने मिटवावा, कारण दोन्ही एकत्र आले की पेज ओलीस राहते. आपल्याकडे कोणतेच नियंत्रण उरलेले नसेल तर कंपनीची नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, असल्यास ट्रेडमार्कचे कागद आणि एजन्सीशी झालेला पत्रव्यवहार एकत्र करून मेटाच्या व्यवसाय सहाय्य विभागाकडे पेजच्या मालकीच्या वादाची तक्रार दाखल करावी. यास वेळ लागतो. तोपर्यंत गूगल प्रोफाइल आणि संकेतस्थळावरचे पेजचे दुवे काढून ठेवावेत, आणि नेहमीच्या ग्राहकांना चौकशीसाठी दुकानाचा फोन क्रमांक कळवावा.